बाकाचं दुसरं टोक

५ जानेवारी

अहो,

फोनवर तुम्ही 'हं' म्हणता आणि मी एकटीच बोलत राहते, म्हणून पत्र. पत्र अर्ध्यात ठेवून देता येत नाही.

परवा तुम्ही जे बोललात ते मी विसरलेले नाही. "डॉक्टर म्हणतात, रोज चाला, पण दर शंभर पावलांवर सावलीत बसा. तुझ्या गावात शंभर पावलांवर काय आहे? ऊन." तुझ्या गावात! जन्म तुमचा इथला, मी लग्न होऊन आले. निम्म्या गावाला तळ्यात पोहायला तुम्ही शिकवलंत. बँकेतल्या तुमच्या खिडकीपुढे नसायची एवढी रांग सकाळी तळ्याच्या कठड्यापाशी लागायची. गेल्या मे महिन्यात त्या उन्हात तुमच्या छातीत कळ आली, मुलगी तिच्या थंड शहरातून धावत आली, तुमची बॅग भरली, आणि गाव एकदम माझ्या एकटीचं झालं. बसथांब्यावर तुम्ही म्हणालात, "तू हट्टी आहेस." मी म्हणाले, "बस सुटेल." तेवढंच आपलं बोलणं. बरं. गाव माझं तर माझं.

तुमचा शब्द मी शब्दशः धरला आहे. बसथांब्यापासून आपल्या दारापर्यंत, आणि दारापासून तळ्याच्या काठाने कठड्यापर्यंत, दर शंभर पावलांवर सावलीत एक बाक. ते झालं की तुम्ही महिनाभर येऊन राहायचं. महिना सोसला तर बॅग परत न्यायची नाही. नाही सोसला तर मी पुन्हा 'या' म्हणणार नाही. कबूल आहे का ते कळवा.

काल नगरपालिकेत जाऊन आले. अध्यक्ष म्हणजे माझ्या वर्गातला, मागच्या बाकावरचा. मला दारात बघून उभा राहिला. शिकवलेलं काही लक्षात नसेल त्याच्या, पण उभं राहायचं लक्षात आहे.

"बाई, बाकांना निधी आहे," म्हणाला. "'राहण्याजोगं गाव' म्हणून वरून योजना आली आहे. मार्चच्या आत काम झालं पाहिजे, एवढंच."

"मग अडलं कुठे?"

"अडलं नाही. पण काकांसाठीच करायचं, तर त्यांची ती घडीची खुर्ची आहे ना? काखेत मारायची, थकलं की उघडायची. उगाच एवढं सिमेंट कशाला?"

"तुझ्या वडिलांना काखेत खुर्ची देऊन भर रस्त्यातून फिरवशील?"

त्याने बाकांची फाइल पुढे ओढली. माझा नवरा आपल्याच गावात पाहुण्यासारखा खुर्ची घेऊन हिंडणार नाही. लोक बघतात.

ती खुर्ची माळ्यावर आहे. पोहून आलात की टॉवेल गुंडाळून जिच्यावर बसायचात तीच. कापडी पट्टा एका बाजूने उसवला आहे. उगाच चौकशी करू नका.

घरचं ठीक.

२ फेब्रुवारी

अहो,

'कबूल. वीस एप्रिल.' तीन शब्दांसाठी आख्खा कागद वापरलात. त्यापेक्षा कागद कोराच पाठवायचा होता, मला दोन्ही बाजूंनी लिहिता आलं असतं.

नगरपालिकेचा अभियंता नकाशा घेऊन आला होता. सगळे बाक त्याने तळ्याकडे तोंड करून, सारख्या अंतरावर आखले होते. वाटेत झाड आहे की खांब, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

"हा बाक उन्हात येतो," मी म्हटलं.

"मॅडम, इथून व्ह्यू चांगला आहे."

"व्ह्यू उभ्यानेही दिसतो."

त्याने अध्यक्षाला फोन लावला. पलीकडून आवाज मला स्पष्ट ऐकू आला : "बाई भूगोलाच्या आहेत. त्या जिथे म्हणतील तिथे खड्डा घे आणि वाद घालू नकोस, मी घालून बघितला आहे."

मग मी घरून खडूची पेटी आणली. या आठवड्यात रोज सकाळी, आपल्या फिरायच्या वेळेला, प्रत्येक झाडाची सावली जिथे पडते तिथे मी खडूने चौकोन आखला. समोरची शिंपीण पावलं मोजायला होती. तिची पावलं चिमणीची, म्हणून तुमच्या शंभरासाठी तिला दीडशे चालायला लावलं.

"बाई, काका येणार म्हणून एवढा खटाटोप, की रस्ता मोजायची हौस?"

"तोंड मिटून मोज. चुकशील."

"तोंड मिटलं की मी जास्त चुकते." आणि हसत सुटली. तिच्या मशीनचा आवाज दिवसभर येतो, तोंडाचा उरलेला वेळ. तरी बरं वाटतं. आपल्या गल्लीत आता दुसरा आवाज नाही. सायकलवाल्याने दुकान बंद केलं. तळ्याभोवती सायकलवर चक्कर मारायला कोण येणार, म्हणाला, दहानंतर सीटच तापते. मुलाकडे गेला. जाताना हवा भरायचा पंप मला देऊन गेला. आपल्याकडे सायकल नाही हे दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

घरचं ठीक.

१८ मार्च

अहो,

बाक होऊन महिना झाला. लोखंडी पाय, वर लाकडी पट्ट्या, आणि पाय सिमेंटमध्ये कोपरभर खोल. अध्यक्षाने स्वतः हलवून बघितला, त्याची बोटं लाल झाली, बाक हलला नाही.

लोकांना मात्र कशाचंच कौतुक नाही. महिनाभर तक्रार एकच : सकाळी बाकावर बसलं की हुडहुडी भरते. म्हातारी माणसं बाकाशेजारी उन्हात जमिनीवर बसायची आणि बाकावर काठ्या ठेवायची. मी त्यांना सांगितलं, जरा थांबा, उन्हाळा आला की माझं नाव काढाल. उन्हाळा थांबलाच नाही. आत्ताच दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. शाळा सकाळची झाली. तळं दोन पायऱ्या खाली गेलं आहे. होड्या उपड्या करून ठेवल्या आहेत.

वीस तारखेची तयारी झाली आहे. तुमची खाट खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावली, ती भिंत तापत नाही. पडदे जाड केले. तुमच्या पोहायच्या चड्ड्या कपाटात तशाच आहेत. घालायच्या म्हणून सांगत नाही, आहेत म्हणून सांगते.

सकाळी बाल्कनीतल्या खुर्चीत बसतो आणि खाली जाणाऱ्या गाड्या मोजतो, हे तुम्ही सलग तीन पत्रांत लिहिलंत. गाड्या मोजणं हे काय काम झालं? इथे आलात की तुम्हाला बाक मोजायला देईन.

घरचं ठीक.

९ एप्रिल

अहो,

वीसची तिकिटं काढली असतील तर रद्द करा. घराला रंग काढला आहे. तुम्हाला वास सोसणार नाही. शिवाय पाण्याची टाकी धुवायची आहे. शिवाय पाणी एक दिवसाआड येतं.

बाक चांगले आहेत.

फिरायला येणाऱ्या बायकांपैकी एकीला परवा बाकावर चक्कर आली. विशेष काही नाही. दवाखान्यात सलाइन लावलं, एक रात्र ठेवून सोडलं. मुलीच्या कानावर भलतंच काही जाऊ नये म्हणून आधीच लिहिते.

अक्षर वाकडं आलं आहे. टेबलावर रंगाचे डबे आहेत, मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे.

घरचं ठीक.

२४ एप्रिल

अहो,

शिंपिणीच्या पोटात टाचणीसुद्धा राहत नाही. तिने मुलीला फोन केला, हे मला मुलीच्या रडण्यावरून कळलं. आणि मग तुमचं पत्र : 'घराला रंग कोणता दिलास?'

दिलेला नाही.

चक्कर मला आली. आता सगळं विचारणारच आहात, तर एकदाच लिहून टाकते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी नेहमीसारखी तळ्यावर गेले. तिसऱ्या बाकापाशी आले आणि बघितलं तर बाक लख्ख उन्हात. सावली होती, पण चार हात डावीकडे, रिकाम्या जमिनीवर, ऐटीत पडलेली. मी पुढच्या बाकाकडे बघितलं. तोही उन्हात. त्याच्या पुढचाही. सगळे. मी ज्या सावल्या आखल्या त्या थंडीतल्या. थंडीत सूर्य दक्षिणेकडून येतो, उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकतो, आणि सावली त्याच्या उलट सरकते. हे मी सातवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवलं. मधल्या अंगणात काठी रोवून शिकवलं. ज्याला आलं नाही त्याला त्या काठीपाशी उभं केलं. आणि स्वतः खडू घेऊन जानेवारीच्या सावलीत एप्रिलचे बाक आखून आले. तुम्ही यावं एवढंच डोक्यात होतं. सूर्य डोक्यात नव्हता.

बरं, चुकलं तर चुकलं. उठून चार हातांवर जमिनीवर बसले असते तरी काही झालं नसतं. पण फिरायला आलेली सगळी माणसं थांबून बघत होती. आता बाई कुठे बसतात? तेव्हा मी बाकावर बसले. ताठ. जसं काही इथेच बसायचं होतं. शिंपीण म्हणाली, "बाई, इकडे सरका ना, इथे गार आहे." मी म्हटलं, "मी बरी आहे." ती दोनदा म्हणाली, मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पट्टी गालाला भाजली तेवढं आठवतं.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचा झटका, थोडक्यात वाचलात. वर विचारलं, "उठला का नाहीत?" त्यांना काय सांगणार? तुम्हाला सांगायची गरज नाही.

तुम्ही खाली लिहिलं आहे, 'आता तू इकडे ये. बाल्कनीत बसू.' मुलगीही तेच म्हणते, फक्त जास्त लांबवून. मी येणार नाही. तुम्ही दोघं समजता तसा हा नुसता हट्ट नाही. इथे मी रस्त्याने निघाले की माणसं बाजूला होतात, 'बाई आल्या' म्हणतात, मागून नकलाही करतात. तिथे जिन्यात भेटणारा मला 'आजी' म्हणेल आणि हात धरून पायरी उतरवेल. मला त्याची भीती वाटते. झालं. लिहिलं.

तुम्ही इकडे येऊ नका. मला झालं तर तुम्हाला काय होईल, हे मला आता बाकावर बसून कळलं आहे.

घरचं ठीक नाही, पण चाललं आहे.

१२ मे

अहो,

मीच अध्यक्षाकडे गेले आणि म्हटलं, बाक उपट.

"बाई, फेब्रुवारीत बसवले, मे महिन्यात उपटले, तर वरचे विचारतील ना?"

"सांग, भूगोलाच्या बाईंचं चुकलं."

त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी भर वर्गात पायरीवरून घसरून पडले आहे. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. उभा राहिला आणि म्हणाला, "मी सांगेन माझं चुकलं. तुमचं सांगितलं तर कोणी खरं धरणार नाही."

चार दिवस सिमेंट फोडण्याचा आवाज गावभर चालला होता. आता बाक मोकळे आहेत. सावली जाईल तिकडे न्यायचे. एक अडचण राहिली. पायांना सिमेंटचे गोळे चिकटलेले आहेत, ते काही निघाले नाहीत, त्यामुळे बाक एका माणसाला हलत नाही. मी करून बघितलं. एक टोक उचललं की दुसरं रुतून बसतं, आणि बाक जागच्या जागी फिरतो. दोघं लागतात. सकाळी मी आणि शिंपीण जातो, कठड्याजवळचा बाक सावलीत नेतो, सावली सरकली की पुन्हा उचलतो.

"धरा बाई. हं. उचला."

"मी उचललं आहे, तू उचल."

"तुम्ही नुसतं धरलं आहे."

असं रोज. मग दोघी बसतो. ती बोलते, मी तळ्याकडे बघते. तळं म्हणायचं सवयीने. पाणी पार मध्यावर गेलं आहे. तुम्ही ज्यावरून उडी मारायचात तो कठडा आता कोरड्या चिखलावर उभा आहे. चिखलाला भेगा पडल्या आहेत, पाऊल आत जाईल एवढ्या. उडी मारायच्या जागी काल एक बकरी उभी होती. खाली बघत होती आणि विचार करत होती. मला तुमची पहिली शिकवणी आठवली. "विचार करू नका, पाणी धरतं." बकरीला कोण सांगणार?

नऊला घरात येते ते संध्याकाळी सहाला खिडकी उघडते. मधले तास कसे जातात ते विचारू नका. ओल्या पडद्याआड बसते. वाचलेली पुस्तकं वाचते. घरात आवाज हवा म्हणून एकदा मोठ्याने वाचायला लागले, तर समोरून मशीन थांबलं आणि शिंपिणीने ओरडून विचारलं, "काका आले का?"

नाही म्हटलं.

३० मे

अहो,

शिंपीण गेली. तिला उलट्या सुरू झाल्या होत्या, पत्र्याखाली बसून दिवसभर मशीन चालवते, होणारच. तिचा भाऊ आला आणि घेऊन गेला. जाताना माझ्या दारात आली. बोलली नाही, म्हणजे किती बरं नव्हतं ते बघा. मग टेम्पोत बसल्यावर तिला कंठ फुटला. "बाई, दुसऱ्या टोकाला कोणाला तरी बघा. एकट्याने ओढू नका, कंबर जाईल." टेम्पो वळेपर्यंत ओरडत होती.

तेव्हापासून तीन सकाळी मी कठड्यापाशी गेले. बाक शिंपीण गेली त्या दिवशी होता तिथेच आहे. तिथे सावली येते ती नऊच्या सुमाराला. मी जाते तेव्हा ऊन असतं. फिरायला कोणी येत नाही. कोणाला हाक मारावी असं रस्त्यावर कोणी नसतं. काल मी बाकाचं एक टोक धरून उभी राहिले. उचललंसुद्धा. मग लक्षात आलं की आपण वाट बघतो आहोत. शिंपिणीची नव्हे. टोक खाली ठेवलं आणि घरी आले.

त्याच दुपारी तुमचं पत्र. बाकाचं दुसरं टोक उचलायला मी येतो म्हणता. मुलीला न सांगता तिकीटही काढलं आहे म्हणता. इतकी वर्षं माझं ऐकलंत, आणि जे ऐकायलाच हवं ते नेमकं ऐकायचं नाही ठरवलंत? तुम्हाला पाण्याची बादली उचलायची मनाई आहे. तुम्ही आलात तर बाक उचलाल. मी नको म्हटलं तर नक्की उचलाल. मला तुम्ही त्या बाकावर नको आहात. तिकीट रद्द करा. पत्र मिळायच्या आत अध्यक्ष तुम्हाला फोन करेल. त्याला मी सांगून ठेवलं आहे, काका 'हं' म्हणाले तर ते उत्तर धरू नकोस, 'रद्द केलं' असं ऐकूनच फोन ठेव.

मी जानेवारीत लिहिलं होतं की नाही सोसलं तर पुन्हा 'या' म्हणणार नाही. म्हणत नाही. महिना मलाच सोसला नाही.

घराची किल्ली अध्यक्षाकडे दिली आहे. त्याने दोन्ही हातांनी घेतली. थंडी पडली की बाक उन्हात आणून ठेवायचे आहेत, ते काम त्याला आणि त्या अभियंत्याला दिलं आहे, एकेक टोक. तोवर मी परत आलेली असेन. तुम्हाला यायचं तर तेव्हा या, आणि नुसते बसा.

जिन्यात कोणी 'आजी' म्हणालं तर मी काय म्हणेन ते आत्ता सांगता येत नाही. मुलीला शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यायला सांगा.

एक गोष्ट तुम्ही कधी लिहिली नाहीत. गाड्या मोजल्यात, बाल्कनीतल्या खुर्च्या मोजल्या नाहीत. एकच असणार असं धरून मी तुमची घडीची खुर्ची माळ्यावरून काढली. पट्टा शिंपिणीने शिवून ठेवला होता. गेल्या आठवड्यात मी तो तिच्या मशीनवर नेऊन टाकला तेव्हा तिने कशाला म्हणून विचारलं नाही. तिच्या आयुष्यातली तेवढी एकच गोष्ट तिने विचारली नसेल.

खुर्ची हलकी आहे. परवा सकाळची बस आहे. काखेत मारून चालत थांब्यापर्यंत जाईन. वाटेत सगळे बाक उन्हात आहेत. थकले तर एखाद्या झाडाच्या सावलीत हीच उघडेन आणि बसेन.

बघणारे बघोत.